नावे विकली, गाड्या राहिल्या

ब्रिटनमध्ये ‘रोव्हर’ हे एकेकाळी मोठे भारदस्त नाव होते. डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर यांची ही गाडी. १९७९ साली मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या, तेव्हा डाउनिंग स्ट्रीटवर त्या आल्या रोव्हरमधूनच. आज या नावाची मालकी कोणाकडे आहे, ठाऊक आहे? आपल्या टाटांकडे! २००८ साली टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना घेतल्या, तेव्हा ‘रोव्हर’ हे नुसते नावही त्या गाठोड्यात बांधून आले. २००५ नंतर त्या नावाची एकही गाडी तयार झालेली नाही. ऑस्टिन आणि मॉरिस ही नावे शांघायच्या कंपनीकडे आहेत, ट्रायम्फ आणि रायली म्युनिकच्या बीएमडब्ल्यूकडे. एखादा वाडा मोडावा आणि त्याच्या कोरीव चौकटी गावोगावच्या जुन्या बाजारात दिसाव्यात, तशातला हा प्रकार.

हा वाडा मोडला कसा?

१९५० साली जगात सर्वांत जास्त मोटारी निर्यात करणारा देश होता ब्रिटन. जर्मनीचे कारखाने युद्धाने जमीनदोस्त झालेले, जपान तर अजून शर्यतीतच नव्हता. ब्रिटनला परकीय चलन हवे होते, म्हणून जो कारखाना माल परदेशी पाठवील त्यालाच सरकार पोलाद देत असे. गिऱ्हाईक रांगेत उभे होते. आणि गिऱ्हाईक रांगेत उभे असले की दुकानदाराला माल सुधारण्याची घाई नसते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबलेली पिढी अजून आपल्यात आहे.

१९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस हे दोन कट्टर प्रतिस्पर्धी एकत्र आले. नव्या कंपनीचा कारभार गेला लेनर्ड लॉर्ड यांच्याकडे. हे गृहस्थ पूर्वी मॉरिसमध्येच होते आणि तिथे भांडून ऑस्टिनकडे गेलेले. तेव्हा लग्न लागले, पण चुली वेगळ्याच राहिल्या. दोघांचे विक्रेते वेगळे, त्यामुळे एकाच गाडीला दोन नावे देणे आले. १९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’ घडवली. इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला आणि जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसांची ऐसपैस सोय केली. मोटारीच्या इतिहासातली ही क्रांतीच. पण ती विकली गेली एका दुकानात ‘ऑस्टिन सेव्हन’ म्हणून आणि दुसऱ्यात ‘मॉरिस मिनी-मायनर’ म्हणून. १९६२ च्या ‘अकराशे’ मॉडेलला तर ऑस्टिन, मॉरिस, एमजी, वोल्सली, रायली, व्हॅन्डेन प्लास अशी सहा नावे लाभली. पुढची जाळी बदलली, आतल्या लाकडाला जरा पॉलिश जास्त केले की झाली वेगळी गाडी! गिऱ्हाईक काही दूधखुळे नव्हते. नाव म्हणजे नुसता बिल्ला, हे कंपनीनेच त्याला शिकवले. शिवाय मिनी इतकी स्वस्त ठेवली होती की फोर्डच्या इंजिनिअरांनी ती सुटी करून हिशेब मांडला आणि दर गाडीमागे तीसेक पौंडांचा तोटा दाखवला, असे सांगतात.

१९६८ साली ट्रायम्फ, रोव्हर आणि जॅग्वारसह सगळे ‘ब्रिटिश लेलँड’ या एका छताखाली आले. आता रोव्हरचे गिऱ्हाईक ट्रायम्फ पळवू लागली आणि एमजीचेही. सगळे घरातल्या घरात. १९७१ च्या ‘मॉरिस मरीना’ला पुढच्या चाकांची रचना १९४८ च्या ‘मायनर’वरून घेतलेली होती. १९७३ च्या ‘ऑस्टिन अ‍ॅलेग्रो’चे स्टिअरिंग चक्क चौकोनी होते, कोपरे काय ते गोल केलेले. संप तर रोजचेच. १९७५ साली सरकारला कंपनी ताब्यात घ्यावी लागली. या सगळ्याचे खापर युनियनवर फोडण्याची तिकडे पद्धत आहे. संपांनी नुकसान झाले हे खरेच. पण चौकोनी स्टिअरिंग काही कामगारांनी सुचवले नव्हते.

मला स्वतःला सगळ्यांत चटका लावते ती अ‍ॅबिंग्डनची गोष्ट. ऑक्सफर्डजवळच्या या लहानशा गावात १९२९ पासून एमजीच्या स्पोर्ट्स गाड्या बनत. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने कारखान्याचा सुवर्णमहोत्सव साजरा केला. मिरवणूक झाली, बँड वाजला आणि लगोलग कंपनीने जाहीर केले की कारखाना बंद. पौंड वधारला होता, अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीमागे तोटा होत होता. एमजीच्या मालकांनी लंडनच्या रस्त्यांवर गाड्यांचा मोर्चा काढला. काही उद्योजकांनी कारखाना विकत घेण्याचा प्रयत्न केला, तोही फसला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची ‘एमजीबी’ बाहेर पडली. अठरा वर्षांत पाच लाखांवर गाड्या झाल्या होत्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शौकीन मंडळी स्वस्थ बसली नाहीत. गाडी गंजली की पत्रा कुठून आणायचा, हा प्रश्न होताच. कारखान्यातले जुने साचे शोधून काढले गेले आणि १९८८ साली एमजीबीची संपूर्ण बॉडी पुन्हा नवी मिळू लागली. ती केवळ जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी. गंमत पुढेच आहे. या बॉडीची मागणी पाहून ‘रोव्हर’ झालेल्या मूळ कंपनीला जाग आली. तिने त्याच बॉडीत मोठे व्ही-आठ इंजिन बसवून १९९३ पासून ‘आरव्ही-८’ नावाची गाडी विकली. जेमतेम दोन हजार गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक गेल्या जपानला! ज्यांच्या स्पर्धेने ब्रिटिश गाड्यांना घाम फोडला, त्यांनीच त्या कौतुकाने घरी नेल्या.

एवढे प्रेम कशापायी? या गाड्या काही निर्दोष नव्हत्या. लुकास कंपनीची वायरिंग असलेल्या गाड्यांचे मालकच त्या लुकासला ‘अंधाराचा राजा’ म्हणतात. गाडीखाली तेल ठिबकत नसेल तर समजावे की आतले तेल संपले, हा त्यांचा आणखी एक विनोद. मला विचाराल तर प्रेमाचे मूळ याच ठिबकण्यात आहे. बॉनेट उघडावे, पाना घ्यावा आणि बिघाड डोळ्यांनी पाहून हाताने काढावा, अशी ती यंत्रे होती. आपली अ‍ॅम्बेसेडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्डच. १९५० च्या दशकातले ते मॉडेल बंगालमधल्या उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत निघत राहिले, कारण तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही तिला ताळ्यावर आणू शके. बदनाम अ‍ॅलेग्रोचासुद्धा ब्रिटनमध्ये क्लब आहे. तिच्या मालकांना तिचे सगळे दोष तोंडपाठ असतात, आपल्या मुलाचे असावेत तसे.

मात्र या प्रेमाचा हिशेबही मांडायला हवा. चाळीस वर्षांची जुनी गाडी जिवापाड सांभाळणाऱ्या माणसाने चालू कारखान्याला गिऱ्हाईक म्हणून काय दिले? फारच थोडे. कारखाने जिवंत होते तेव्हा हाच समाज फोर्डच्या आणि जपानी गाड्या घेत होता. त्यातही वावगे काही नाही, पैसे मोजणाऱ्याला सकाळी सुरू होणारी गाडी हवी असते. पण प्रेम उशिरा आले, आणि त्याची झळ शौकिनांना नव्हे, कामगारांना बसली.

बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिजला हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९०५ साली कारखाना काढला होता. १९९४ साली तो बीएमडब्ल्यूने घेतला आणि २००० साली मिनी स्वतःकडे ठेवून उरलेली रोव्हर चार उद्योजकांना अवघ्या दहा पौंडांत देऊन टाकली. नव्या गाडीसाठी पैसा नव्हता. म्हणून २००३ साली त्यांनी आपल्या पुण्यात तयार होणारी टाटा इंडिका नेली आणि ‘सिटीरोव्हर’ म्हणून विकायला ठेवली. जाळी बदलायची, बिल्ला लावायचा, हा जुनाच खेळ. तो चालला नाही. एप्रिल २००५ मध्ये कंपनी बुडाली आणि सहा हजारांवर कामगार घरी बसले. त्या चौघांनी आणि त्यांच्या मुख्याधिकाऱ्याने मिळून पगार व पेन्शनपोटी सुमारे ४ कोटी २० लाख पौंड घेतले होते, हे २००९ च्या सरकारी चौकशी अहवालात आले.

एमजी हे नाव चिनी मालकीत पुन्हा उभे राहिले. आपल्याकडे त्या नावाच्या गाड्या २०१९ पासून गुजरातच्या हलोलला बनतात, एकीचे नाव तर ‘विंडसर’ आहे. लाँगब्रिजच्या जागेवर बरीचशी घरे आणि दुकाने झाली. समोर कॉफ्टन पार्क नावाचे मोठे मैदान आहे. कारखाना बंद पडला त्याच्या पुढच्या वर्षापासून तिथे एप्रिलमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरू लागला. मिनी येतात, अ‍ॅलेग्रो येतात, आणि त्या जोडणारे निवृत्त कामगारही येतात. त्यांच्यासाठी बॉनेट उघडी ठेवलेली असतात.