डबा नेण्याआधी

आज आपण उलट्या-जुलाबाच्या एका साथीची गोष्ट ऐकू.

अमेरिकेत ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचं गाव आहे. १९६८ च्या ऑक्टोबरात तिथल्या एका शाळेतली निम्मी मुलं आणि शिक्षक एकाएकी आजारी पडले. मागोमाग घरची माणसंही. कारण काही सापडेना. अखेर १९७२ मध्ये अल्बर्ट कपिकियन या शास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या साथीचा विषाणू दिसला. आज त्याला नोरोव्हायरस म्हणतात.

हा दवाखान्यात शिरला की कधी कधी अख्खा वॉर्ड बंद ठेवावा लागतो. कोविडात आपण हाताला चोळलं ते सॅनिटायझर याच्यावर नीट चालत नाही. इथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. खाटा, नळ, दाराच्या कड्या क्लोरीनच्या पाण्यानं पुसायच्या. आणि आजारी पडलेल्या नर्सबाईंनी जुलाब थांबल्यावरही दोन दिवस कामावर यायचं नाही, कारण बरं वाटलं तरी विषाणू शरीरातून बाहेर पडतच असतो. आम्हाला हेच सगळ्यात अवघड वाटतं. आपण बाया ताप उतरला की लगेच चुलीपुढे!

पेशंटला भेटायला जाणाऱ्यांनाही तेच दोन दिवस लागू. तेवढे दिवस डबा शेजारणीला करायला सांगा, आणि तिच्याच हाती पाठवा.