पाच काचांवरचं एक मरण : जोडफोटोची गोष्ट

मंडळी, पडद्यावर आता जो फोटो दिसतोय तो १८५८ सालचा. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज फोटोग्राफरचा. नाव 'फेडिंग अवे', म्हणजे विझत जाणं. मधोमध उशांना टेकून पडलेली मुलगी आहे, क्षयाने खंगलेली. तिच्यामागे एक तरुणी उभी आहे, पायाशी एक वयस्कर बाई बसली आहे. आणि मागे खिडकीपाशी एक पुरुष आपल्याकडे पाठ करून बाहेरच्या ढगाळ आभाळाकडे बघतो आहे. चौघांत सगळ्यात जास्त दुःख कोणाच्या वाट्याला दिलंय? आमच्या मते या पाठमोऱ्या माणसाच्या, कारण त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

हा एक फोटो नाही. पाच वेगवेगळ्या निगेटिव्ह एका कागदावर जोडून तो केलेला आहे. मुलगी मरत नव्हती, चांगली धडधाकट होती. चौदा वर्षांच्या निरोगी मुलीला मरणाच्या किती जवळ नेऊन दाखवता येतं, हे आपल्याला बघायचं होतं, असं पुढे खुद्द रॉबिन्सननेच सांगितलं.

मग इतका खटाटोप कशासाठी? याचं उत्तर त्या काळच्या काचेत आहे. १८५१ पासून ओल्या कलोडियनची पद्धत आली. काचेला रसायन लावायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. ही काच निळ्या प्रकाशाला फार हळवी, त्यामुळे जमिनीपुरता प्रकाश घेतला की आभाळ पांढरंफटक पडायचं. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका काचेवरून आणि ढग दुसऱ्या काचेवरून छापत होता, तो याच अडचणीपायी. आता रॉबिन्सनची खोली बघा. आतला अंधार आणि बाहेरचं उजेडी आभाळ एका काचेवर नीट उतरणं कठीण. त्यात चार माणसांनी कित्येक सेकंद न हलता बसायचं, तेही चेहऱ्यावर दुःख ठेवून. म्हणजे घरातलं मरण आणि त्याची काहीच दखल न घेणारं बाहेरचं आभाळ एकत्र दाखवायचं, तर थर लावण्यावाचून फारसा मार्ग नव्हता.

छापण्याची रीत ऐकायला सोपी आहे. कागदावर एक काच ठेवायची, बाकीचा भाग काळ्या कागदाने झाकायचा आणि उन्हात धरायचं. चित्र उमटलं की तो भाग झाकून पुढची काच. सांधा लपवायला जागा लागते, म्हणून तो पडद्याच्या घडीत, खुर्चीच्या कडेला, सावलीत टाकायचा. रॉबिन्सन आधी चित्रकलेत मुरलेला होता, त्यामुळे कुठली कड कुठे बुडवायची हे त्याला कळत होतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८५७ मध्ये, ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून 'टू वेज ऑफ लाइफ' केलं होतं. एका बाजूला सदाचार, दुसऱ्या बाजूला चैन. राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत घेतली, आणि स्कॉटलंडमध्ये मात्र उघड्या बायका असलेली अर्धी बाजू पडद्याने झाकून ते दाखवलं गेलं! कारागिरी अचाट, पण खरं सांगायचं तर ते बघताना आपल्या पोटात काही हलत नाही. तिथे थर उपदेशासाठी लावलेत. रॉबिन्सनचे थर एका घरापुरते आहेत.

लोक चिडले ते या फोटोवर. मृत्युशय्येची चित्रं तेव्हा शेकड्याने रंगवली जात होती, त्यांची कोणाला तक्रार नव्हती. पण फोटो म्हणजे प्रत्यक्ष घडलेलं, ही समजूत पक्की झालेली. म्हणून दुसऱ्याच्या घरच्या मरणात डोकावल्यासारखं वाटलं. दुसरीकडे प्रिन्स अल्बर्टने त्याची प्रत विकत घेतली. पुढे १८६० मध्ये रॉबिन्सनने आपली पद्धत स्कॉटलंडच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढे उलगडून सांगितली, तर ठिगळकाम म्हणून त्याच्यावर टीका झाली. गंमत बघा, आधी राग होता तो हे फार खरं वाटतं म्हणून, आणि नंतर हे खरं नाही म्हणून. पण दोन्ही वेळा बघणाऱ्याला काहीतरी लागलं होतं हे नक्की.

थर झाले, आता पोताबद्दल थोडं. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने १८६४ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, फोटो काढायला सुरुवात केली. तिच्या काचांवर ओघळ, ओरखडे, बोटांचे ठसे राहायचे. जाणकार नाकं मुरडायचे. आज तेच चेहरे आपल्याला श्वास घेतल्यासारखे वाटतात. शतकाच्या शेवटी फ्रान्सचा रोबेर दमाशी डिंकात रंग कालवून खरखरीत कागदावर फोटो छापू लागला, ओल्या थरावर ब्रशने हात फिरवून नको ते धुऊन टाकू लागला. असे फोटो कोळशाने काढल्यासारखे दिसतात.

आता मुंबईत या. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातली कितीतरी चित्रं जोडलेली आहेत: माणसं एका ठिकाणी टिपलेली, मागची मुंबई दुसऱ्या काचेवरची. तंत्र रॉबिन्सनचंच म्हणा ना. पण इथे माणूस दुःखी आहे की आनंदी, याची कोणाला पडलेली नाही. तो कोणत्या जमातीचा एवढंच दाखवायचं आहे. थर लावले की भावना आपोआप येते असं म्हणणाऱ्यांनी हे खंड जरूर चाळावेत.

ती आली ती नंतर, गल्लीतल्या स्टुडिओंमधून. नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी काढलेलाच नाही, आणि दोघांतलं एक माणूस गेलं. मग जुन्या फोटोतून त्याचा चेहरा उचलायचा, शेजारी बसवायचा, हाताने रंग भरायचे, कपाळावर कुंकू, अंगावर कोट चढवायचा. त्याला हार घालताना घरातलं कोणी खोटा फोटो म्हणत नाही. तुमच्या घरी असा एखादा असेल तर नाकाच्या सावल्या बघा. एकाची डावीकडे पडलेली असेल, दुसऱ्याची उजवीकडे. दोघं वेगळ्या उजेडात बसलेले असतात.