प्रश्न आधी आला

शीळफाट्यावर संध्याकाळचे सात वाजलेत. कल्याणकडच्या रिक्षा, महापेहून सुटलेल्या कंपन्यांच्या बसगाड्या, पनवेलच्या बाजूने आलेले कंटेनर, सगळे एकमेकांना खेटून उभे. तुम्ही एसटीत खिडकीशी बसला आहात. ड्रायव्हरने इंजिन बंद केले, म्हणजे अर्धा तास गेलाच. मांडीवर ‘ख्रिस्तपुराण’ उघडे आहे. पहिलाच अवस्वरू, म्हणजे अध्याय. उजेड कमी होत जातो, अक्षरे पुसट होतात, आणि डिझेलचा वास जाऊन नाकात शिरतो खोबरेलाचा.

तुम्ही दगडी फरशीवर मांडी घालून बसला आहात. गोव्यातली साष्टी, सतराव्या शतकाची पहिली वर्षे. रविवारचे धर्मशिक्षण चालू आहे. समोर उभा असलेला पाद्री साठीच्या आसपासचा: थॉमस स्टीफन्स, इंग्लंडातून 1579 मध्ये इथे आलेला जेझुइट. त्याची मराठी ऐकून तुम्ही चमकता. मराठी शाळेतल्या धड्यात भेटलेला, मराठीची रत्नाशी-कस्तुरीशी तुलना करणारा तो कौतुकाचा स्टीफन्स घटकाभर विसरा. आज त्याला बोलायचे नाही, ऐकायचे आहे.

कारण गर्दीतून एक ब्राह्मण उठतो. नवाच ख्रिस्ती झालेला. त्याचे म्हणणे साधे आहे: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला तसेच काही वाचायला का देत नाही?

फरशी एकदम गार लागते. प्रश्नात विनंती आहे आणि तक्रारही आहे. साष्टीतली देवळे पाडली गेली, पोथ्या हिरावल्या गेल्या, आणि ज्या पोर्तुगीज सत्तेने हे केले तिच्याच छायेत हा पाद्री उभा आहे. हे झाकून स्टीफन्सचे कौतुक करू नये. पण त्याने हा प्रश्न गिळला नाही, हेही तितकेच खरे. आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या तोंडाशीच त्याने तो लिहून ठेवला. उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या.

रात्री तुम्ही त्याच्या दिव्यापाशी बसता. बोरू थबकतो. स्वर्गाला काय म्हणावे? तो ‘वैकुंठ’ लिहितो. विष्णूचे घर ख्रिस्ताच्या गोष्टीत येते, कारण ऐकणाऱ्याच्या मनात सर्वांत उंच जागा तीच आहे. नमन ज्ञानेश्वरीच्या वळणाचे. मग पवित्र आत्म्याचे नाव येते आणि इथे मात्र तो मराठी शब्द घेत नाही, परकेच नाव ठेवतो. काय उचलायचे आणि कुठे थांबायचे, हा त्याचा रोजचा झगडा. कॅथलिक धर्मशास्त्रात विश्वास आणि संस्कृती यांच्यावर पुढे मोठमोठे ग्रंथ झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1965 च्या सुमारास, मिस्सा ही उपासना लोकांच्या भाषेत येऊ लागली. मला मात्र सगळे त्या थबकलेल्या बोरूत दिसते.

1616 मध्ये साष्टीतल्याच रायतूरला पुराण छापले गेले, तेही रोमन लिपीत. 1619 मध्ये स्टीफन्स गेला. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने इथली भाषाच सोडायचा हुकूम काढला. ऐकणारे कान पुन्हा बंद.

दिवा विझतो. आता तुम्ही पुन्हा शीळला आहात, पण तारीख 4 एप्रिल 2013. सात मजले उभे होते, आठवा चढत होता, परवानगी कसलीच नव्हती. इमारत कोसळली आहे. खालच्या मजल्यांवर राहत होते ते बांधणारे मजूर आणि त्यांची कुटुंबे. 74 माणसे गेली. पायाशी वाळूसारखे सिमेंट, बोटाने चुरडले तर भुगा होतो. त्यात एका डब्याचे झाकण अडकले आहे.

इथे कुठले धर्मशास्त्र बोलायचे? मजुराला घर चालवता येईल एवढा मोबदला हा त्याचा हक्क आहे, असे पोप तेरावे लिओ 1891 मध्येच एका परिपत्रात लिहून गेले. 2025 मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले ते मुख्यतः त्याच परिपत्राच्या आठवणीने. आणि मधल्या काळात, शीळच्या दुर्घटनेनंतर दोनच वर्षांनी, पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’मध्ये घर नसण्याला गंभीर प्रश्न म्हटले. त्या परिपत्राचे नाव लॅटिन नाही, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या लोकबोलीतले आहे. रोमने लोकबोली उचलली की मला साष्टीचा तो दिवा आठवतोच. पण माणसाचे मोल सांगणारा शब्द या भुग्यापर्यंत पोचायचा, तर इथल्याच माणसाचा प्रश्न आधी ऐकावा लागेल, त्यात आपल्यावरची तक्रार असली तरी.

इंजिन घरघरते. एसटी दोन हात पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. शेजारचा पोरगा, बुटांवर चुन्याचे डाग, खिडकीबाहेरच्या इमारतींकडे बघत विचारतो, “काका, इथं भाड्यानं खोली मिळंल का? बिल्डिंग पक्की असलेली?”

तुम्ही पुस्तक मिटता आणि त्याच्याकडे वळता.