‘दोन वर्षांत परत येतो’

परदेशी गेलेल्या डॉक्टरांविषयी आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक अभिमानाचा: आपला मुलगा लंडनला मोठा सर्जन आहे. दुसरा तक्रारीचा: आपल्या पैशावर शिकला आणि गोऱ्यांची सेवा करायला पळाला. गंमत म्हणजे दोन्ही गोष्टींत डॉक्टर एकटाच असतो. बायको, मुलं, मागे राहिलेले आईवडील कुठेच दिसत नाहीत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवत गेलं की घरची माणसं वगळली तर ही गोष्ट नीट कळतच नाही.

५ जुलै १९४८ रोजी एनएचएस सुरू झाली. कुणीही यावं, उपचार घ्यावेत, दारात पैसे मागितले जाणार नाहीत. साहजिकच डॉक्टर भरपूर लागणार होते. पण १९५७ मध्ये विलिंक समितीने उलटाच हिशेब मांडला. पुढे डॉक्टर जास्त होतील, तेव्हा मेडिकलच्या जागा साधारण दहा टक्क्यांनी कमी करा, असं तिने सांगितलं. त्याच काळात ब्रिटिश डॉक्टर कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेकडे निघाले होते. थोडक्यात, लंडनचा डॉक्टर टोरांटोला गेला आणि त्याच्या रिकाम्या जागेवर मुंबईचा, लाहोरचा, ढाक्याचा डॉक्टर आला.

हा डॉक्टर तिथे इतक्या सहज कसा बसला? कारण तो तसाच घडवलेला होता. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चं, केईएमला जोडलेलं जी. एस. १९२६चं. पुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, वॉर्डातली शिस्तही तिकडचीच. १९४६ मध्ये भोर समितीने सांगितलं की देशात डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, आणि तो पदवीधर हवा. कमी मुदतीचा एलएमपी अभ्यासक्रम मग हळूहळू बंद झाला. खेड्यातल्या माणसालाही उत्तम डॉक्टर मिळावा, हा समितीचा हेतू. पण त्यातून तयार झालेला एमबीबीएस जगात कुठेही चालणारा होता. त्यात ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल भारतीय विद्यापीठांच्या पदव्या मान्य करत होती. वेगळी परीक्षा नव्हती. बोटीचं किंवा विमानाचं तिकीट काढायचं आणि कामाला लागायचं.

जाताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असायचं: ‘दोन वर्षांत परत येतो.’ ते खोटं नव्हतं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या परत येण्यासाठीच, आणि आल्याही. साठच्या दशकातल्या डॉक्टरांनाही एफआरसीएस किंवा एमआरसीपी करून परतायचं होतं. ती अक्षरं दवाखान्याच्या पाटीवर आली की इथे पुढची चिंता नव्हती. परकीय चलनाच्या टंचाईमुळे तेव्हा खिशात जेमतेम तीन पौंड नेता येत. एवढ्यावर कुणी कायमचं स्थायिक व्हायला निघत नाही.

तिथे गेल्यावर मात्र आयुष्य सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांत मोडलं. ज्युनिअर डॉक्टरची नोकरी सहा महिन्यांची, फार तर वर्षाची. मग नवं गाव, नवं हॉस्पिटल. एकट्याला हे जमतं. डॉक्टरांच्या क्वार्टर्समध्ये एक खोली, एक हीटर, झालं. बायकामुलं आली की गणित बदलतं. १९६२ मध्ये राष्ट्रकुलातल्या लोकांच्या प्रवेशावर बंधनं आली आणि व्हाउचर पद्धत सुरू झाली. पण बायको आणि सोळा वर्षांखालची मुलं यांना दार उघडं राहिलं. ती आली. अनेक बायका स्वतः डॉक्टर होत्या. नवऱ्याची नोकरी एका गावात, तिची दुसऱ्या, आणि मूल कुणाकडे ठेवायचं हा रोजचा प्रश्न.

तोवर शिडीच्या वरच्या पायऱ्या बंद असल्याचंही कळलेलं असे. सर्जरी, कार्डिओलॉजी अशा मानाच्या विषयांत कन्सल्टंटची जागा बाहेरच्याला क्वचित मिळे. मिळत ती मनोरुग्णांची किंवा म्हाताऱ्यांची. जुन्या अनाथ-गरीबगृहांच्या इमारतींत वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले वृद्ध पडून असत. मार्जरी वॉरेन यांनी १९३५ पासून वेस्ट मिडलसेक्समध्ये दाखवून दिलं होतं की नीट तपासलं, उठवलं, चालवलं तर यांतले पुष्कळ घरी जाऊ शकतात. तरी तरुण ब्रिटिश डॉक्टरांना या विषयात रस नव्हता. तो ब्रिटनभर उभा करण्यात दक्षिण आशियाई डॉक्टरांचा वाटा फार मोठा आहे. ज्यांचे स्वतःचे आईवडील हजारो मैलांवर म्हातारे होत होते, ते दुसऱ्यांच्या आईवडिलांना काठी धरून चालायला शिकवत होते. हे वाचून मी बराच वेळ थांबले होते.

दुसरा रस्ता जनरल प्रॅक्टिसचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरकीचा. तो धरणाऱ्यांत अनेकांचं पहिलं स्वप्न सर्जरीचं किंवा मेडिसिनचं होतं. पण जीपी झालं की एक गाव, एक घर, मुलांना एकच शाळा. रिकाम्या जागा होत्या त्या दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडासारख्या खाणींच्या खोऱ्यांत आणि उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांच्या गावांत, जिथे माणसांची फुप्फुसं कोळशाच्या धुळीने भरलेली होती. जिथे गरज जास्त तिथे चांगला डॉक्टर कमी, हा नियम वेल्समधल्याच ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्या सुमारास इंग्लंडच्या एनएचएसमधले सुमारे ३१ टक्के डॉक्टर परदेशात जन्मलेले आणि तिथेच शिकलेले होते. इंग्लिश डॉक्टर जिथे जात नव्हता, त्या गावांत एकहाती दवाखाने ते चालवत होते. अनेकदा खाली दवाखाना, वर घर.

मग परतायचं कधी? मोठ्याची परीक्षा झाली की. धाकटीची शाळा संपली की. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून होतं, पण ऱ्होंडाच्या खोऱ्यात मराठी बोलायला घरातलीच माणसं. मुलं वेल्श हेल काढून इंग्रजी बोलू लागली की परतीचा बेत आपोआप पुढे ढकलला जाई. ‘दोन वर्षं’ कधी तीस झाली, ते कुणी एका दिवशी ठरवलं नाही.

आणि देश त्यांचं मनापासून स्वागत करत होता म्हणावं, तर तसंही नाही. १९६० ते ६३ आरोग्यमंत्री असलेल्या इनॉक पॉवेल यांच्याच काळात एनएचएस परदेशी डॉक्टरांवर टेकलेली होती. त्याच पॉवेल यांनी २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केलं. त्या संध्याकाळीही कुठल्या तरी वॉर्डात भारतीय डॉक्टर ड्युटीवर असणारच. १९७५ मध्ये भारतीय पदव्यांची आपोआप मान्यता गेली आणि परीक्षा आली. आजची ‘प्लॅब’ त्याच परीक्षेची वंशज.

आपला तोटा झाला का? झाला. भोर समितीने कल्पिलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना डॉक्टर हवे होते आणि ते घडवण्याचा खर्च आपण केला होता. पण त्याचा हिशेब एकट्या डॉक्टरच्या नावावर मांडणं मला पटत नाही. आपली माणसं घडवण्यात कंजुषी करून दुसऱ्याची तयार माणसं घेणारं एक सरकार होतं, आणि आपल्याच डॉक्टरला खेड्यात टिकवू न शकणारं दुसरं.

२०२० मध्ये कोविडने ब्रिटनमधले जे पहिले दहा डॉक्टर गेले, ते सगळे आशियाई, आफ्रिकी वा अन्य अल्पसंख्याक वंशाचे होते. टाळ्या वाजल्या. पुढे ११ मार्च २०२४ पासून ब्रिटनने नियम केला की वृद्धांची काळजी घ्यायला नव्याने येणाऱ्या केअर वर्करला नवरा, बायको, मुलं सोबत आणता येणार नाहीत. डॉक्टर आणि नर्सना अजून येतात.

सरकारलाही कळलंय की घरची माणसं आली की कामगार शेजारी होतो, आणि शेजाऱ्याला परत पाठवणं अवघड असतं. तुमच्या ओळखीचं कुणी आत्ता प्लॅबची तयारी करत असेल, तर स्कोअरच्या आधी एवढंच विचारा: सोबत कोण येणार आहे, आणि मागे कोण राहणार आहे?