आत्मपीडनवृत्ती

आत्मपीडनवृत्ती : टाळता येण्याजोगे दुःख, अपमान किंवा झीज पुन्हापुन्हा ओढवून घेण्याचा आणि सोसण्यातच स्वतःचे मोल शोधण्याचा मनाचा कल. मराठी घरांत अशा माणसाला ‘सोशिक’ म्हणतात. हा शब्द कौतुकाचा असल्याने आतला त्रास वर्षानुवर्षे झाकलेला राहतो. दुखणे अंगावर काढणे, सगळ्यांची पाने उठल्यावर उरलेसुरले खाणे, कोणी मदतीला आले की ‘राहू दे, माझं मी बघते’ म्हणणे, ही नेहमीची लक्षणे. न बोललेला राग पुढे अबोल्यातून, टोमण्यांतून बाहेर पडतो.

साखर-माझोख या ऑस्ट्रियन लेखकाच्या नावावरून मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांनी या वृत्तीच्या लैंगिक रूपाला ‘मॅसोकिझम’ हे नाव दिले. फ्रॉइड यांनी १९२४ मध्ये तिचे ‘नैतिक’ रूप वेगळे केले. नेणिवेतला अपराधभाव त्यात शिक्षा मागत राहतो. मनोविश्लेषक कारेन हॉर्नाय यांनी १९३५ मध्ये अधिक नेमका प्रश्न विचारला : स्त्रियांमध्ये ही वृत्ती उपजत म्हणावी, की परावलंबी ठेवणाऱ्या समाजाने ती घडवली? त्या प्रश्नाला पुढे मोठे महत्त्व आले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ संघटनेने १९८७ मध्ये ‘आत्मपराभवी व्यक्तिमत्त्वविकार’ आपल्या निदानपुस्तिकेच्या परिशिष्टात घातला. मार खाणाऱ्या बाईलाच रोगी ठरवले जाईल, असा तीव्र आक्षेप आला. तो रास्तच होता. १९९४ च्या आवृत्तीतून हे निदान वगळले गेले.

त्याग आणि आत्मपीडन यांतली सीमा कल्याणच्या आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. नवव्या वर्षी लग्न, नवऱ्याचा मार (पुढे पत्रातून त्यांनी तो त्याच्यापुढे मांडलाही), चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या, तिथल्या थंडीतही साडी आणि शाकाहार सोडला नाही, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच क्षयाने गेल्या. ही कहाणी त्यागमूर्तीची म्हणून सांगण्याची आपल्याला सवय आहे. त्यात त्यांची स्वतःची निवड पुसली जाते. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी परदेशगमनाची कारणे एकेक करून मांडली. मद्रासच्या महाविद्यालयाचा पर्यायही विचारात घेतला होता. भारतात स्त्रियांना मिळणारे वैद्यकीय शिक्षण अपुरे वाटले म्हणून त्यांनी तो नाकारला. त्यांना हवे होते वैद्यकशास्त्र. हाल वाटेत आले, ते सोसले. याउलट, आत्मपीडन करणाऱ्याला सोपी वाट दाखवली की तो अस्वस्थ होतो, कारण सोसणे संपले तर आपण कोण, हेच त्याला ठाऊक नसते.

या वृत्तीतून बाहेर पडायला उपचारांची मदत होऊ शकते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्यविषयक संस्थेच्या कामात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीला मोठे स्थान आहे. या पद्धतीचा रोख हट्टाग्रही समजुतींवर असतो. ‘मी सगळ्यांच्या उपयोगी पडलेच पाहिजे’ या वाक्यातला ‘च’ मराठीत तो हट्ट जसाच्या तसा पकडतो. उपयोगी पडण्याची इच्छा ठेवायची, ‘च’ सोडायचा. पहाटे चौघांचे डबे भरून डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्या बाईला एक डबा न भरण्याचा सराव करायला सांगितला, तर पहिले काही दिवस अपराधी वाटते. हे अपेक्षितच असते. कुरबूर मात्र बहुधा घरच्यांकडून होते, कारण त्यांची सोय त्या डब्यांवरच उभी असते.