मोटारीचा दिवा आणि त्याचे बिघाड

मोटारीचा एक दिवा झगझगीत आणि दुसरा मंद असला, की आपण लगेच बल्बला दोष देतो. दिव्याचा इतिहास पाहिला, तर संशयाला आणखीही जागा आहेत असे दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना ॲसिटिलीनचे दिवे असत. १८९२ साली थॉमस विल्सन यांना विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड योगायोगाने मिळाले आणि पुढे ते कारखान्यात बनू लागले. कार्बाइडवर पाणी ठिबकले की वायू निघे व जळे. पाणी अडले किंवा ज्योतीचे बारीक छिद्र काजळीने बुजले, की अंधार!

१९१२च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले. काजळी गेली, पण तारांचे जोड आले. जोड गंजला की रोध वाढतो आणि दिव्याला व्होल्टेज कमी मिळते. व्होल्टेज १० टक्के घटले, तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो.

धूळ व ओल यांमुळे परावर्तकही काळवंडत असे. म्हणून अमेरिकेत १९४० पासून तंतू, परावर्तक आणि भिंग एकाच बंद कवचात आले. आता तंतू तुटला की अख्खा दिवा बदलायचा! १९६२ साली युरोपात मोटारींसाठी हॅलोजन बल्ब आला. तंतूवरून उडालेले टंगस्टन हॅलोजनच्या साहाय्याने तंतूकडे परतते, म्हणून बल्ब काळा पडत नाही. मात्र तो इतका तापतो, की बोटांचा तेलकट डागही त्याला घातक ठरतो. पुढे १९८०च्या दशकात प्लॅस्टिकची भिंगे आली. ती उन्हाने पिवळी पडतात. एलईडी दिव्यांत तर पुष्कळदा पुन्हा अख्खा दिवाच बदलावा लागतो.

म्हणजे प्रत्येक सुधारणेने जुना बिघाड घालवला आणि नवा आणला. मग घरी दोष कसा शोधावा? दोन्ही दिवे बंद असतील, तर आधी फ्यूज पाहावा. एकच मंद असेल, तर दिवे बंद करून, बल्ब निवल्यावर, स्वच्छ कापडाने धरून दोन्ही बल्बांची अदलाबदल करावी. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर बल्ब खराब. जागीच राहिला, तर भिंग, परावर्तक, जोड किंवा अर्थची तार तपासावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच शिकवतो ना?