टस्कीगीची बाजारपेठ

टस्कीगी हे नाव महाराष्ट्रात घरोघरी गेलं ते वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. १९८१ साली निघालेलं ते पुस्तक मी अमरावतीला शाळेत असताना वाचलं. पुढे लग्न होऊन अलाबामा राज्यातल्या ऑबर्न गावी बिऱ्हाड थाटायची वेळ आली, तेव्हा नकाशात सगळ्यांत आधी शोधलं ते टस्कीगी. आमच्यापासून तीसेक किलोमीटर. तिथे त्या पुस्तकाचे नायक, कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर यांचं संग्रहालय पाहिलं, त्यांची आणि तिथलं काळ्यांचं कॉलेज उभारणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांची जवळजवळची थडगी पाहिली, हात जोडले. पण गाव मला कळलं ते नंतर, तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून. आणि त्यांचं सांगणं कॉलेजच्या आवारात सुरू होत नसे. ते सुरू होई चौकातल्या दुकानांपाशी.

सांगणाऱ्यांत मुख्य होत्या एक निवृत्त शिक्षिका. नाव लिहीत नाही, बाई म्हणते. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, रविवारी चर्चला निघाल्या की डोक्यावर टोपी आणि हातांत पांढरे हातमोजे. चौकात गाडी थांबवली की त्या काचेआडून बोट दाखवत जायच्या: इथे कापड, तिथे औषधं, हे बियाण्याचं, तो कोपरा बँकेचा. बऱ्याच दारांना कुलपं होती, पण त्यांच्या बोलण्यात एकही दुकान बंद नव्हतं. चौकाच्या मधोमध, कोर्टाच्या जुन्या इमारतीसमोर, यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा आहे. चौकाची ती जागा काउंटीने १९०६ साली दक्षिणेच्या सैनिकांच्या वारस स्त्रियांच्या संघटनेला दिली, गोऱ्या लोकांच्या बागेसाठी. बाई त्या पुतळ्याविषयी एक शब्द बोलत नसत. त्यांना बोलायचं असे ते एका टिनवाल्याविषयी.

लुईस ॲडम्स त्याचं नाव. जन्माने गुलाम, पण लिहिता-वाचता येणारा; पत्र्याची भांडी घडवायचा, जोडे शिवायचा, घोड्यांचे लगाम-पट्टे तयार करायचा. गुलामगिरी संपल्यावर त्याने टस्कीगीत स्वतःचं दुकान टाकलं. दुकानात गोरेही येत, काळेही येत. कारण घोडा कुणाचाही असो, लगाम तुटतोच. १८८० च्या निवडणुकीत राज्याच्या सिनेटला उभा असलेला डब्ल्यू. एफ. फॉस्टर हा गोरा उमेदवार ॲडम्सकडे आला. तोवर काळ्यांचा मताधिकार पुरता हिरावून घेतलेला नव्हता. तुमच्या लोकांची मतं मला मिळवून दे, तुला काय हवं ते सांग, असं त्याचं म्हणणं. ॲडम्सने स्वतःसाठी काही मागितलं नाही. आमच्या मुलांसाठी शाळा हवी, म्हणाला. फॉस्टर निवडून आला आणि त्याने शब्द पाळला. राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. जमीन नाही, इमारत नाही, बाकाला एक फळीसुद्धा नाही. ॲडम्स आणि जॉर्ज कॅम्पबेल नावाचा एक गोरा व्यापारी (हा पूर्वी स्वतः गुलाम बाळगून होता) यांनी मिळून शिक्षक शोधला. तो आला, बुकर वॉशिंग्टन, वय पंचविशीचं. ४ जुलै १८८१ रोजी चर्चच्या मोडक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली.

आपण वॉशिंग्टन आणि कार्व्हर यांची नावं घेतो आणि ते योग्यच आहे. पण बाईंचा आग्रह असे की गोष्ट ॲडम्सच्या दुकानापासून सांगायची, आणि मला तो पटतो. टस्कीगी इन्स्टिट्यूट ही जगप्रसिद्ध संस्था ज्या सौद्यातून उभी राहिली, तो सौदा हातावर पोट असलेल्या एका कारागिराने केला होता.

विटांची गोष्ट मला एका वृद्ध गवंड्याने सांगितली. त्यांचे आजोबा संस्थेच्या पहिल्या काळातले विद्यार्थी. वॉशिंग्टननी जवळची एक पडीक कापूसबाग, म्हणजे मळेवाल्याची १०० एकर जमीन, ५०० डॉलरला घेतली. त्यातले काही पैसे उसने आणलेले. इमारती मुलांनीच बांधायच्या असं ठरलं आणि गावात वीटभट्टी नव्हती. माती चांगली सापडली. पण चिखल तुडवायला मुलं कुरकुरत. आम्ही शिकायला आलोय, गुडघाभर चिखलात उभं राहायला नाही, म्हणत. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरी तर भाजणी संपत आली असताना मध्यरात्री ढासळली. पैसे संपले. वॉशिंग्टननी मॉन्टगोमेरीला जाऊन आपलं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती लागली. घड्याळ मात्र परत मिळालं नाही.

हे सांगताना त्या गवंडी आजोबांनी मला वॉशिंग्टनांच्या ‘द ओक्स’ या घराच्या भिंतीजवळ नेलं. तळहात विटांवरून सावकाश फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. काही विटा गडद, काही फिक्या. एखादीची कड किंचित वर आलेली. ‘या कडेची वीट साच्यातून काढताना पोरगं घाईत होतं,’ ते म्हणाले. घर १८९९ चं. त्याचा आराखडा रॉबर्ट टेलर यांचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेतलेला हा पहिला कृष्णवर्णीय माणूस, १८९२ सालचा पदवीधर. संस्थेच्या कितीतरी इमारती त्यांच्या हातच्या. त्यांचं सगळ्यांत आवडतं काम म्हणजे तिथलं प्रार्थनामंदिर. १९४२ साली तिथेच ते कोसळले आणि गेले. मंदिर १९५७ मध्ये आगीत जळालं. आज तिथे पॉल रुडॉल्फ यांनी रचलेलं नवं मंदिर आहे, तेही फार देखणं, पण गवंडी आजोबा जुन्यालाच मंदिर म्हणायचे.

तर विटा. चांगल्या वीटभट्टीची खबर पंचक्रोशीत लागली आणि गोरे शेजारी गाड्या घेऊन आले. शाळेविषयी ज्यांना प्रेम नव्हतं, काळ्यांनी शिकूच नये असं ज्यांचं मत होतं, तेही आले. घर बांधायचं तर वीट हवी. विसाव्या शतकाच्या तोंडाशी हे विद्यार्थी एका हंगामात बारा लाख विटा पाडत होते. वॉशिंग्टनांचा यावर फार विश्वास होता. ज्याच्याकडे जगाला लागणारी वस्तू आहे त्याला जग फार काळ दूर ठेवू शकत नाही, असं त्यांना वाटे. बाईंना हे अर्धंच मान्य. ‘वीट घेऊन गेले,’ त्या म्हणायच्या, ‘पण मत दिलं नाही.’ १९०१ साली अलाबामाने नवी राज्यघटना केली आणि काळ्यांचं मतदान जवळजवळ संपवलं.

मग दुकानांची दुसरी बाजू. बाई लहान असताना त्यांची आई त्यांना मोठ्या शहरातल्या जोड्यांच्या दुकानात नेई. काळ्या मुलीने जोडा पायात घालून पाहायचा नाही, कारण मग तो गोऱ्या गिऱ्हाइकाला कसा विकणार? म्हणून आई निघण्याआधी वाणसामानाची तपकिरी कागदी पिशवी फाडून जमिनीवर पसरे, त्यावर बाईंचं पाऊल ठेवी आणि पेन्सिलीने भोवती रेघ काढी. अंगठ्यापाशी थोडी जागा सोडायची, वाढत्या वयासाठी. तो कागद दुकानदाराच्या हातात द्यायचा आणि तो देईल तो जोडा घ्यायचा. त्या मला हे एका दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात सांगत होत्या. सांगता सांगता उठल्या, खरंच एक कागदी पिशवी घेतली, फाडली, आणि मला चप्पल काढायला सांगून माझ्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली. पेन्सिल टाचेपाशी आली की गुदगुल्या होतात. ‘मीही हसायची,’ त्या म्हणाल्या. ‘आई नाही हसायची.’

मतदारयादीत नाव घालायचं तर कोर्टाच्या इमारतीत जावं लागे. नोंदणी मंडळ बसे तेव्हा एका वेळी दोघांनाच आत घेत. पुष्कळदा मंडळ बसतच नसे. एके काळी तर एखाद्या गोऱ्या मतदाराने ‘मी याला ओळखतो’ अशी ग्वाही द्यावी लागे. संस्थेतले समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी यावर व्यवहारी तोड काढली. त्यांना घर बांधायचं होतं. कंत्राटासाठी आलेल्या गोऱ्या बांधकामवाल्याला त्यांनी सांगितलं, काम तुला मिळेल, आधी माझ्यासाठी ग्वाही दे. हे सांगताना बाईंचा चेहरा खुलायचा.

हळूहळू चारेकशे काळ्या लोकांची नावं यादीत आली. गावात पाचांतले चार काळे, तेव्हा पुढे काय होणार हे गोऱ्यांना दिसत होतं. १९५७ साली सॅम एंगलहार्ट या मळेवाल्या सिनेटरने विधिमंडळात एक विधेयक आणलं. टस्कीगीची हद्द चौकोनी होती. ती बदलून अठ्ठावीस बाजूंची करायची, अशी की संस्था बाहेर, काळ्यांच्या वस्त्या बाहेर, आणि काळे मतदार जवळपास सगळे बाहेर. आत उरले चार-पाच. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. बाईंचं घर जागचं हललं नव्हतं, पण त्या गावाबाहेर गेल्या होत्या.

२५ जून १९५७ च्या मंगळवारी बटलर चॅपलमध्ये सभा झाली. हे तेच चर्च, ज्याच्या खोपटात १८८१ साली शाळा भरली होती. आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोक बाहेर अंगणात, रस्त्यावर, खिडक्यांशी. गोमिलियन शांतपणे बोलले. अलाबामात बहिष्कार पुकारणं कायद्याने गुन्हा होता, म्हणून कुणी बहिष्कार म्हटलं नाही. जे आपले मित्र आहेत त्यांच्याकडून खरेदी करू, एवढंच ठरलं. दुसऱ्या दिवसापासून चौक ओस पडला.

बाई तेव्हा तिशीच्या, पदरात दोन मुलं. शनिवारी तीन घरं मिळून एक गाडी निघे, ऑबर्नला नाहीतर ओपलायकाला. यादी आदल्या रात्री करायची, कारण मीठ विसरलं तर पुढच्या शनिवारपर्यंत शेजारून मागायचं. दोऱ्याचं रीळ, तापाचं औषध, दिव्याचा बल्ब. चौकात पाच मिनिटांवर मिळणाऱ्या या वस्तूंसाठी अख्खी दुपार जाई. मुलं चौकातल्या आइस्क्रीमसाठी रडत. एका कापडवाल्याने बाईंना फोन केला. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, काकुळतीला येऊन म्हणाला, नकाशा मी काढलेला नाही, मग शिक्षा मला का? बाईंनी त्याला विचारलं, ‘नकाशा निघत होता तेव्हा तुम्ही सिनेटरना फोन केलात का?’ पलीकडून उत्तर आलं नाही. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि खूप वेळ हात थरथरत राहिला, कारण माणूस वाईट नव्हता. मला त्यांच्या सगळ्या सांगण्यात हीच आठवण सर्वांत खरी वाटते.

गोमिलियन ज्या नागरिक संघटनेचे प्रमुख होते तिच्या कचेरीवर राज्य सरकारने छापा घातला, कागद नेले, बहिष्काराविरुद्ध मनाईहुकूम मागितला. १९५८ साली तिथल्याच न्यायाधीशाने तो नाकारला. माणसाने कुठे खरेदी करावी हा त्याचा प्रश्न आहे, असा निकाल. तोवर चौकातली कितीतरी दुकानं बसली होती. नव्या हद्दीविरुद्ध गोमिलियनांनी भरलेला खटला वर गेला. फ्रेड ग्रे हे तरुण कृष्णवर्णीय वकील तो लढले. रोझा पार्क्स यांचे वकीलही तेच, आणि त्या रोझा १९१३ साली टस्कीगीतच जन्मल्या होत्या. ग्रे यांनी सर्वोच्च न्यायालयात हद्दीचा मोठा नकाशा मांडला. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी विचारलं, यात टस्कीगी इन्स्टिट्यूट कुठे आहे? ती गावाच्या हद्दीबाहेर आहे, ग्रे म्हणाले. १४ नोव्हेंबर १९६० रोजी निकाल लागला, एकमताने, गोमिलियनांच्या बाजूने. पुढच्या वर्षी बाई पुन्हा गावात आल्या. १९६४ साली नगरपरिषदेवर दोन काळे सभासद निवडून गेले.

पण गोष्ट तिथे गोड होत नाही. ३ जानेवारी १९६६ च्या रात्री सॅमी यंग हा संस्थेचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी गावातल्या एका पेट्रोलपंपावर स्वच्छतागृह वापरायला गेला आणि पंपावरच्या गोऱ्या माणसाने त्याला गोळी घातली. मारेकरी निर्दोष सुटला. निकालाच्या रात्री विद्यार्थी चौकात धावून आले आणि पुतळ्याचं तोंड काळ्या रंगाने रंगवलं. आणि एका इमारतीसमोरून जाताना बाई गप्प होत, ती संस्थेच्या जुन्या रुग्णालयाची. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, अमेरिकी सरकारच्या आरोग्यसेवेने या काउंटीतल्या सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांना अंधारात ठेवून सिफिलिसचा अभ्यास केला. त्यांतल्या रुग्णांना आजार सांगितला नाही, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. तपासण्या त्या इमारतीतही होत. काळे डॉक्टर, काळ्या परिचारिका आणि आपली अभिमानाची संस्था त्यात होती, हे बाईंना आयुष्यभर गिळता आलं नाही.

आता चौक का ओस आहे यावर गावात दोन मतं. काही जण म्हणतात, बहिष्काराने बाजार मोडला तो मोडलाच. मला हे पटत नाही. १९६३ साली गोऱ्यांच्या हायस्कुलात तेरा काळी मुलं दाखल झाली तेव्हा गोऱ्यांनी आपली मुलं काढून वेगळी खासगी शाळा घातली. हळूहळू घरं विकली, पैसा घेऊन ते गेले. महामार्ग गावाबाहेरून गेला. १९७२ मध्ये जॉनी फोर्ड हा पहिला काळा महापौर झाला तेव्हा त्याच्या हाती सत्ता आली, पण तिजोरीत फारसं काही नव्हतं. आणि शनिवारी ऑबर्नला खरेदीला जायची सवय, ती राहिली. माझ्या गावातली झगमगती दुकानं टस्कीगीच्याही पैशावर उभी आहेत, हे मी तिथे राहून रोज पाहते.

बाई आता नाहीत. टस्कीगीला गेले की मी काही ना काही तिथेच विकत घेते. चौकाजवळच्या एका दुकानात भेंडी छान कोवळी मिळते. दुकानदार तरुण आहे, काळा आहे, इमारतीचा मालक तोच. जुन्या काळी इथे काय होतं ते तो मला विचारतो, आणि बाईंनी दाखवलं होतं त्या क्रमाने मी त्याला एकेक दार सांगत जाते.